समुद्राच्या तळाशी साठलेली आकाशातील धूळ

उन्हाळ्यात घर झाडायला काढले की पत्र्यावरची, माळ्यावरची धूळ सुपे भरभरून निघते. ही धूळ आली कोठून, असे विचारले तर तुम्ही म्हणाल, रस्त्याची, शेतातली, चुलीच्या धुराची. ते खरेच आहे. परंतु त्या धुळीत एखाददुसरा कण असाही सापडू शकतो की जो या पृथ्वीवरचा नव्हेच. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारे खडक एकमेकांवर आदळून फुटतात, धूमकेतू आपल्यामागे धूळ सोडीत जातात. त्यांतला हा एक कण. तो भटकत भटकत पृथ्वीच्या वाटेत सापडतो आणि खाली येतो.

आकाशात जी रेघ चमकून जाते ती उल्का, आणि जमिनीपर्यंत जो दगड पोचतो तो अशनी, असा शब्दांचा फरक आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ते मोठ्या अशनीच्या आघाताने झालेले आहे. तसा पाहुणा क्वचित केव्हातरी येतो. धुळीएवढे पाहुणे मात्र रोज येतात. त्यांना सूक्ष्म अशनी म्हणतात.

आता माझी एक चूक सांगतो, कारण आजचे सारे बोलणे तिच्यातूनच निघाले आहे. गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी बोलता बोलता म्हणून गेलो, "पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जे चिकटेल ते आकाशातून आलेले." टाळ्या पडल्या, मी घरी आलो आणि विसरून गेलो. तीन महिन्यांनी एका वाडीवरच्या शाळेचे गुरुजी माझ्याकडे आले. त्यांनी पिशवीतून कागदाची एक पुडी काढली. तीत दहा-बारा ग्रॅम काळी पूड होती. मुलांनी शाळेच्या पत्र्यावरून ती चुंबकाने गोळा केली होती. वर्गात एक तक्ताही लागला होता, "आमच्या शाळेवर पडलेल्या उल्का." गुरुजी म्हणाले, "सर, जरा तुमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकातून बघता का? मुलांना सांगायचे आहे."

मी पाहिले. पुडीत गोल गोल, चकचकीत असे पुष्कळ मणी होते. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. मी विचारले, "गुरुजी, शाळेच्या आसपास वेल्डिंगचे दुकान आहे का हो?" ते म्हणाले, "भिंतीला लागूनच आहे. गेट बनवतात, ट्रॉल्या बनवतात."

आकाशातला कण आणि वेल्डिंगचा कण, दोन्ही काळे, दोन्ही गोल, दोन्ही चुंबकाला चिकटणारे. मग ओळखायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना मिळाले ते पत्र्यावर नव्हे. ते मिळाले समुद्राच्या तळाशी.

१८७२ सालच्या डिसेंबरात 'चॅलेंजर' नावाचे एक जहाज इंग्लंडहून निघाले. ते मूळचे लढाऊ जहाज. परंतु त्यावरच्या बहुतेक तोफा काढून तेथे प्रयोगशाळा मांडल्या होत्या. समुद्र किती खोल, तळाशी काय, तेथे जीव राहतात काय, हे पाहण्यासाठी ते साडेतीन वर्षे जगभर फिरले आणि १८७६ च्या मे महिन्यात परतले. जागोजागी थांबायचे, लांबच लांब दोर सोडायचा आणि तळाचा चिखल वर काढायचा, असा त्यांचा क्रम होता. त्या चिखलाचा अभ्यास जॉन मरे या निसर्गशास्त्रज्ञाकडे होता. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, जमिनीपासून अतिशय दूर, त्याला तांबडी, चिकट माती मिळाली. तीत लोहचुंबक फिरवला तेव्हा बारीक काळे गोल मणी चिकटून आले. बहुतेक मणी मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही लहान होते.

मरे आणि त्याचा सहकारी, बेल्जियमचा भूशास्त्रज्ञ आल्फोन्स रेनार, यांनी हे मणी आकाशातून आलेले असावेत असे ठरवले, ते कसे? त्यांची एक कसोटी तुमच्या घरातल्या वस्तूने करता येण्यासारखी आहे. द्राक्षांवर फवारायला आपण मोरचूद वापरतो. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवून ठेवा. थोड्या वेळाने त्याच्यावर तांबूस थर चढतो. पाण्यातले तांबे लोखंडावर येऊन बसते. हे घडते ते शुद्ध धातुरूप लोखंडावर. लोखंडाच्या दगडावर नव्हे. मरे आणि रेनार यांनी समुद्रातले मणी खलात फोडले, त्यांना मोरचुदाचे पाणी लावले, आणि आतल्या गाभ्यावर तांबे चढले. म्हणजे वरून काळे कवच आणि आत धातूचे लोखंड. पृथ्वीवरच्या खडकांत लोखंड भरपूर आहे, परंतु ते बहुतेक प्राणवायूशी किंवा दुसऱ्या कशाशी संयोग पावलेले असते. धातुरूप लोखंड निसर्गात फारच विरळा. आकाशातून पडणाऱ्या बहुतेक अशनींत मात्र ते आढळते.

येथे तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील. "सर, चॅलेंजर जहाज तर वाफेवर चालणारे. भट्टीतल्या लोखंडाचे कणही असेच असणार की." शंका अगदी बरोबर आहे. मोरचुदाच्या कसोटीने खडकातली चुंबकी रेती बाद होते, भट्टीतले लोखंड बाद होत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा लागतो, आणि तो पुरावा त्या तांबड्या मातीतच आहे.

आता असे पाहा. नदीला पूर आला म्हणजे एका रात्रीत शेतात बोटभर गाळ बसतो. त्या गाळात आकाशातला एखादा कण पडला तर तो कोठल्या कोठे हरवून जाईल. उथळ समुद्रातही नद्यांचा गाळ येतो. भर समुद्रात तो पोचत नाही, पण तेथे पाण्यात राहणाऱ्या बारीक जीवांचे चुन्याचे शिंपले तळाशी बसत राहतात. फार खोल पाण्यात मात्र तो चुनाही विरघळून जातो. मग उरते काय? वाऱ्याबरोबर उडत आलेली अगदी बारीक माती, आणि वरून पडणारे हे कण. अशा ठिकाणी हजार वर्षांत गाळ चढतो तो एखादा मिलिमीटर, फार तर काही मिलिमीटर. आपली एक वीत म्हणजे साधारण तेवीस सेंटिमीटर. मिलिमीटरला हजार वर्षे धरली तर वीतभर गाळ साचायला दोन लाख वर्षांहून अधिक काळ जातो. त्या तांबड्या मातीत चॅलेंजरवरच्या लोकांना शार्क माशांचे दात आणि देवमाशांच्या कानांची हाडेही पुष्कळ सापडली. ती झाकून जाण्याइतका गाळच तेथे बसलेला नव्हता.

म्हणून आकाशातली धूळ तेथे जास्त पडते असे नव्हे. ती सगळीकडे सारखीच पडते. तेथे दुसरे फारसे काही पडत नाही, एवढाच फरक. वर्दळीच्या रस्त्यावर हरवलेली सुई सापडत नाही, सारवलेल्या अंगणात सापडते, तसेच हे. शिवाय वीतभर खालच्या थरात जे मणी मिळतात ते माणसाने पहिली भट्टी पेटवण्याच्या कितीतरी आधीचे. त्या काळी ना लोहार होता, ना आगबोट.

आता हे मणी गोल का होतात, ते सांगतो. अवकाशातला कण सेकंदाला अकरा किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने हवेत शिरतो. जमिनीपासून शंभर-ऐंशी किलोमीटर उंचीवर हवा विरळ असते, तरी त्या वेगाने तो तापून लाल होतो आणि काही सेकंद वितळतो. वितळलेला थेंब आपोआप गोल होतो आणि निवताना तसाच घट्ट होतो. लोहार तापलेल्या लोखंडावर घण मारतो किंवा धारवाला चाकावर विळा धरतो, तेव्हा ज्या ठिणग्या उडतात त्यांतही हेच घडते. ठिणगी निवून खाली पडली की तिचाही बारीक गोल मणी झालेला असतो. दोन्हीकडे निसर्गाचा नियम एकच, म्हणून रूपही एकच. केवळ गोल आहे, काळा आहे, चुंबकाला चिकटतो, म्हणून तो आकाशातला, असे म्हणता येत नाही. माझी चूक ती हीच.

मग खरी ओळख कोणती? एक ओळख निकेल या धातूची. अवकाशातल्या लोखंडात निकेल मिसळलेले असते. मणी हवेत जळताना लोखंड आधी प्राणवायूशी संयोग पावते, निकेल मागे राहते आणि गाभ्यात गोळा होते. हवेशी झालेला हा झगडा फार पुढे गेला तर शेवटी प्लॅटिनमच्या जातीच्या जड धातूंची एक बारीकशी कणी आत उरते. समुद्रतळाच्या मण्यांतली ही कणी अमेरिकेतील डोनाल्ड ब्राउनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिली. तुम्ही म्हणाल, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यातही निकेल असते. असते, पण त्याच्या जोडीला क्रोमियमही भरपूर असते. दुसरी ओळख याहून पक्की. कण अवकाशात असताना त्याच्यावर विश्वकिरणांचा मारा होतो आणि त्यातून ॲल्युमिनियम-२६ सारखे किरणोत्सारी अणू तयार होतात. वेल्डिंगच्या ठिणगीत ते कोठून येणार?

सगळे मणी लोखंडाचेच असतात असेही नाही. पुष्कळसे दगडी असतात. त्यांच्या पोटात स्फटिकांच्या बारीक काड्या शेजारी शेजारी रचलेल्या दिसतात, काही तर काचेसारखे असतात. समुद्राचे खारे पाणी हळूहळू या दगडी मण्यांना खाते, म्हणून जुन्या थरांत ते कमी उरतात आणि लोखंडी जास्त दिसतात. शिवाय गांडूळ जसे शेतात माती वरखाली करते, तसे समुद्रतळाचे किडेही करतात. त्यामुळे थर अगदी पानावर पान ठेवल्यासारखे राहत नाहीत. हिशेब करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

हे काम परदेशातच चालते असे समजू नका. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. या संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने १९८१ साली समुद्राच्या तळातून मँगनीजचे गोटे वर काढले. तांबे, निकेल, कोबाल्ट असलेले हे बटाट्याएवढे गोटे मध्य हिंदी महासागरात विपुल आहेत, म्हणून तेथील तळाची पाहणी पुढे कित्येक वर्षे चालली. गोटे आणि आकाशातील मणी एकाच घरचे पाहुणे. दोघांनाही सावकाश साचणारा गाळ लागतो. शोध चालला होता गोट्यांचा, पण त्याच भागातल्या गाळातून एम. श्याम प्रसाद, एन. जी. रुद्रस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अशनी वेचले. पाणी तेथे पाच किलोमीटरच्या आसपास खोल. लोखंडी पंजाने चिखल वर काढायचा, चाळणीवर धुवायचा, चुंबक फिरवायचा, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एक एक मणी निवडायचा. घरी बाया तांदूळ निवडतात ना, तसेच. मात्र येथे खडे टाकायचे नसतात, खडेच ठेवायचे असतात. निवडलेला मणी अर्धा घासून, चकचकीत करून त्याच्या पोटात कोणती मूलद्रव्ये आहेत ते पाहायचे. या मेहनतीतून गेल्या सुमारे पन्नास हजार वर्षांत पृथ्वीवर किती सूक्ष्म अशनी पडले याचा अंदाज त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला.

किती पडतात, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यानेच मोठमोठ्यांना चकवले आहे. स्वीडनचे हान्स पेटरसन यांनी १९४७-४८ च्या 'अल्बाट्रॉस' सफरीनंतर समुद्रातले मणी मोजले. पुढे त्यांनी हवाई बेटातल्या उंच डोंगरावर हवेतली धूळ गाळली, तिच्यातल्या निकेलवरून गणित मांडले आणि १९६० साली आकडा दिला, वर्षाला जवळजवळ दीड कोटी टन. पुढच्या मोजमापांत हा आकडा टिकला नाही. अवकाशात ठेवलेल्या एका उपग्रहाच्या पत्र्यावर धुळीने पाडलेली बारीक छिद्रे मोजून १९९३ साली हिशेब झाला, तो निघाला वर्षाला सुमारे चाळीस हजार टन. यातली बरीचशी धूळ हवेतच जळून जाते. जमिनीपर्यंत किती पोचते? दक्षिण ध्रुवाजवळच्या स्वच्छ बर्फातून वीस वर्षे कण गोळा करून २०२१ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला तो वर्षाला सुमारे ५,२०० टनांचा आहे. म्हणजे दिवसाला चौदा टन. उसाने भरलेला एखादा ट्रक घ्या आणि तो रोज साऱ्या पृथ्वीवर पसरा, समुद्रासकट.

आता पुडीकडे वळू. ५,२०० टन साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर वाटले तर एका चौरस मीटरच्या वाट्याला वर्षाकाठी एका ग्रॅमचा सुमारे एक लाखावा भाग येतो. गुरुजींच्या वर्गाचा पत्रा साधारण साठ चौरस मीटर. पावसाने काहीच वाहून गेले नाही, वाऱ्याने काहीच उडाले नाही, असे धरले, तरी बारा ग्रॅम आकाशधूळ साचायला वीस हजार वर्षे लागली असती. मी गुरुजींना विचारले, पत्रे केव्हा बसवले? ते म्हणाले, चौदा वर्षांपूर्वी.

हे गणित आम्ही दोघांनी मिळून कागदावर केले. गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, "सर, तक्ता तर लागलाय. सरपंच येऊन बघून गेले. आता मुलांना काय सांगू?"

खरे सांगायचे तर उत्तर द्यायला मला जड गेले, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी म्हटले, "गुरुजी, मी म्हणालो ते चुकीचे होते, एवढे आधी सांगा. आणि मग हेच गणित मुलांकडून करून घ्या."

असा प्रसंग मोठ्या लोकांवरही येतो. २०२३ साली हार्वर्ड विद्यापीठाचे अवि लोएब यांनी पापुआ न्यू गिनीजवळच्या समुद्रतळावरून चुंबक लावलेली गाडी ओढून शेकडो मणी मिळवले. त्यांतले काही आपल्या सूर्यमालेच्याही बाहेरून आले असावेत, असे त्यांचे म्हणणे पडले. वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. त्यावर दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवले की अशी रचना दगडी कोळशाच्या राखेतही सापडते. मणी हातात असणे निराळे, आणि तो कोठून आला हे ठरवणे निराळे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण, समुद्राचा गाळ ही पृथ्वीची जुनी रोजनिशी आहे आणि हे कण तिच्यातली अक्षरे आहेत. स्वीडनमध्ये चुनखडकाची एक खाण आहे. तो दगड एके काळी समुद्राचा तळ होता. सुमारे ४६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या थरांत शंभराहून अधिक अशनी दगड बनून बसलेले सापडले आहेत. लुंड विद्यापीठाचे बिर्गर श्मिट्स आणि त्यांचे सहकारी तो चुनखडक आम्लात विरघळवतात आणि मागे उरलेले अशनींतले क्रोमियमयुक्त बारीक कण मोजतात. एका विशिष्ट थरापासून वर ते एकदम कितीतरी पटींनी वाढलेले दिसतात. त्या काळी मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानचा एक मोठा खडक फुटला, हा त्याचा पुरावा. त्या धुळीने ऊन अडवले आणि पृथ्वी थंड झाली, असे मतही त्यांनी २०१९ साली मांडले आहे. एक खडक आकाशात कोट्यवधी मैलांवर फुटला, आणि त्याची नोंद राहिली ती समुद्राच्या चिखलात.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे कण सहज सुटतील. एक पुडी पत्र्यावरून घ्या, एक ओढ्यातून, एक वेल्डिंगच्या दुकानापासून. प्रत्येकीवर जागा आणि तारीख लिहा. ओढ्यातली काळी चकाकती रेती बहुतेक आपल्या काळ्या पाषाणातलीच निघेल. भिंगाखाली ती कोनाकोनांची दिसते. दुकानापासून जसजसे लांब जाल तसतसे गोल मणी कमी होतात का, ते मोजा. खिळा आणि मोरचुदाचा प्रयोगही करा, पण मोरचूद विषारी आहे. तो मुलांच्या हाती देऊ नका, आणि नंतर हात साबणाने धुवा.

आकाशातला मणी गावात मिळणारच नाही असे मात्र नाही. नॉर्वेत योन लार्सन नावाच्या हौशी माणसाने शहरातल्या छपरांवरची धूळ चिकाटीने निवडली आणि त्यात खरे सूक्ष्म अशनी आहेत हे शास्त्रज्ञांच्या मदतीने २०१७ साली सिद्ध झाले. त्यासाठी त्याने किलोंनी धूळ चाळली होती.

गुरुजींचे पत्र नुकतेच आले. तक्ता त्यांनी काढून टाकलेला नाही. मुलांनी वरचे नाव तेवढे खोडले आणि खाली लिहिले, "आमच्या पत्र्यावरची धूळ : कोणती कोठली?" पत्रासोबत पाच पुड्या आहेत, प्रत्येकीवर मुलांच्या अक्षरात जागा आणि तारीख. पाचव्या पुडीवर लिहिले आहे, "गावाबाहेरच्या देवळाचा कळस, दुकानापासून दोन किलोमीटर." तीत जेमतेम चिमूटभर काळे आहे. येत्या रविवारी ते सूक्ष्मदर्शकाखाली घेणार आहे.